शून्य कसं मोजायचं?

आईच्या ट्रंकेत एक पिवळा पडलेला कागद सापडला. तालुक्याच्या गावातल्या एका दवाखान्याचं कार्ड, १९७९ सालचं. धाकट्याचं नाव, वय वर्षं चार, दाखल केल्याची तारीख, सोडल्याची तारीख. आणि रोगाच्या रकान्यात एकच शब्द, 'मेंदूज्वर'. बाकी रकाने कोरे.

त्या एका शब्दानं आमच्या घराचं काय केलं ते कार्डावर कुठून असणार? धाकटा ताप उतरून घरी आला. पेढे वाटून झाले. आठवड्याभरानं आईच्या लक्षात आलं की मागून हाक मारली तर पोरगं वळून बघत नाही. आधी वाटलं अशक्तपणा आहे, मग वाटलं हट्ट करतोय, आणि मग कळलं की त्याला ऐकूच येत नाही. आज तो पन्नाशीचा आहे, स्वतःचं छपाईचं दुकान चालवतो, ओठांवरून बोलणं ओळखतो. पण आईनं तो कागद शेवटपर्यंत जपून ठेवला होता. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मला आठवतं, डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढून तपासायला हवं असं सांगितलं होतं. आप्पा नको म्हणाले. पाठीतलं पाणी काढलं की माणूस पांगळा होतो, हे त्या काळी अख्ख्या गावाला 'ठाऊक' होतं! डॉक्टरांनीही फार ताणून धरलं नाही. काढलेलं पाणी तपासणारी प्रयोगशाळा जवळपास होती कुठे? सुया टोचल्या, देवाची कृपा, पोर वाचलं. विषय संपला.

पण विषय खरं तर तिथेच सुरू होतो. मेंदूज्वर हा एक रोग नव्हेच. मेंदूभोवतीच्या आवरणांना सूज येते, ती विषाणूंनी येते, क्षयाच्या जंतूंनी येते. आणि जिवाणूंमुळे येणाऱ्या मेंदूज्वरातले ठळक गुन्हेगार तीन: हिब म्हणजे हिमोफिलस इन्फ्लुएन्झी टाइप बी, न्यूमोकॉकस आणि मेनिंगोकॉकस. लक्षणं जवळजवळ सारखीच. एकाएकी ताप, डोकेदुखी, उलट्या, ताठलेली मान. कोणता जंतू ते बाहेरून बघून सांगता येत नाही, पाठीतलं पाणीच सांगतं. आणि लस असते ती त्या त्या जंतूवर, 'मेंदूज्वरा'वर नव्हे.

हा कागद हातात घेऊन मी वाचायला बसले आणि वाचता वाचता पोचले थेट आफ्रिकेत. तिथून परत आमच्या हडपसरला! ती गोष्ट सांगायची आहे.

सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला, पश्चिमेच्या सेनेगलपासून पूर्वेच्या इथिओपियापर्यंत एक लांबलचक पट्टा आहे. लापेसोनी नावाच्या फ्रेंच लष्करी डॉक्टरांनी १९६३ साली त्याला 'मेंदूज्वराचा पट्टा' म्हणून नकाशावर आखलं. आज त्यात २६ देश धरतात. तिथे डिसेंबरपासून जूनपर्यंत कोरडा काळ असतो. वाळवंटावरून हरमॅटन वारा सुटतो, धूळ घशात जाते, घशाचं आतलं अस्तर खरवडून निघतं. मेनिंगोकॉकस हा जंतू एरवी निरोगी माणसांच्याही घशात गुपचूप राहतो, त्याला या दिवसांत रक्तात आणि तिथून मेंदूच्या आवरणात शिरायला वाट मिळते. पहिला पाऊस पडला की साथ ओसरते. आपण पावसाची वाट पिकासाठी बघतो, तिथल्या आया मुलं जगावीत म्हणूनही बघायच्या.

दर आठ-बारा वर्षांनी मोठी साथ यायची. त्यातली बहुतेक मेनिंगोकॉकसच्या 'ए' गटाची. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले. जे वाचले त्यांच्यातही कित्येक जण बहिरे झाले, कुणाला झटके यायला लागले, कुणाचं शिकणं थांबलं. म्हणजे आमच्या घरात जे एकदा घडलं ते तिथे गल्लोगल्ली घडत होतं.

लस नव्हती का? होती. पण ती जंतूच्या नुसत्या साखरेच्या कवचापासून केलेली. दोन वर्षांच्या आतल्या मुलांवर तिचा फारसा उपयोग नाही, मोठ्यांमध्येही दोन-तीन वर्षांत परिणाम ओसरणार, आणि घशातला जंतू तसाच राहणार. त्यामुळे साथ सुरू झाली, रुग्णांचा आकडा ठरावीक रेषेच्या वर गेला, की मग लस घेऊन धावायचं. तहान लागल्यावर विहीर खणायची, आणि तीही दर वेळी नवी.

उपाय तज्ज्ञांना माहीत होता. लहान मुलाच्या शरीराला त्या साखरेची नीट ओळख पटत नाही. पण तीच साखर एखाद्या ओळखीच्या प्रथिनाला जोडून दिली तर शरीर दोघांनाही लक्षात ठेवतं. अनोळखी पाहुणा ओळखीच्या माणसाचा हात धरून आला की त्याचाही चेहरा लक्षात राहतो, तसं काहीसं. अशा जोड-लसी श्रीमंत देशांत निघाल्याही होत्या. पण आफ्रिकेच्या 'ए' गटासाठी नव्हती, कारण ती विकत घेणारं गिऱ्हाईकच गरीब!

२००१ साली जागतिक आरोग्य संघटना आणि पाथ ही संस्था यांनी मिळून 'मेनिंजायटिस व्हॅक्सिन प्रोजेक्ट' सुरू केला. गेट्स फाउंडेशननं त्यासाठी सात कोटी डॉलर दिले. प्रमुख होते डॉ. मार्क लाफोर्स. आफ्रिकेतल्या अधिकाऱ्यांनी त्यांना स्पष्ट सांगितलं की लस अर्ध्या डॉलरच्या आत बसली तरच आम्हाला परवडेल, नाही तर कितीही उत्तम असो, आमच्या उपयोगाची नाही. त्या भावात करायला मोठ्या कंपन्या तयार होईनात. शेवटी तयार झाली पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट. जंतूची साखर सुरुवातीला अ‍ॅमस्टरडॅमच्या एका कंपनीकडून, धनुर्वाताचं प्रथिन सीरमचं स्वतःचं, आणि दोन्ही जोडायची रीत अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या प्रयोगशाळेतली. २००५ मध्ये माणसांवरची पहिली चाचणी भारतातच झाली, मग माली, गाम्बिया आणि सेनेगलमध्ये. डिसेंबर २००९ मध्ये भारतात परवाना मिळाला, २०१० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता. नाव 'मेनआफ्रिव्हॅक', किंमत एका डोसला साधारण ४० अमेरिकी सेंट.

मी कित्येक वर्षं बसनं हडपसरवरून ये-जा केली. पूनावाला म्हणजे घोडे, एवढंच तेव्हा डोक्यात. त्या भिंतींच्या आत बुर्किना फासोच्या पोरांसाठी काही शिजतंय याचा पत्ता आम्हाला कुठे होता? आणि ही लस आपल्या राष्ट्रीय लसीकरणात नाहीच, ती करायची तिकडच्यासाठीच होती.

६ डिसेंबर २०१० ला बुर्किना फासोची राजधानी वागाडुगू इथे मोहिमेला सुरुवात झाली. १ ते २९ वर्षांच्या सगळ्यांना लस. दहा दिवसांत एक कोटीहून जास्त लोकांना टोचून झाली! असं करणारा तो पहिलाच देश. शेजारच्या माली आणि नायजरमध्येही त्याच सुमारास सुरुवात झाली.

इथे गोष्ट संपवता आली असती. फोटो, हारतुरे, टाळ्या. पण मला खरी गोष्ट इथून पुढची वाटते. कारण पुढच्या वर्षी साथ आली नाही तर ती लसीमुळे आली नाही हे कसं सांगणार? साथ काही दर वर्षी येत नव्हतीच. मधली वर्षं तशीही शांतच जायची. मग हे वर्ष लसीमुळे शांत, की आपोआप शांत?

म्हणजे बघा, जे घडलंच नाही ते मोजायचं होतं. आणि शून्य मोजणं हे हजार मोजण्यापेक्षा कितीतरी कठीण असतं. कुणीही रुग्ण आला नाही म्हणूनही शून्य येतं आणि कुणी बघितलंच नाही म्हणूनही शून्य येतं. कागदावर दोन्ही शून्यं अगदी सारखीच दिसतात.

आधीची पद्धत अशी होती की प्रत्येक जिल्हा दर आठवड्याला संशयित रुग्ण किती आणि मृत्यू किती एवढे आकडे वर कळवायचा. साथीची चाहूल लागायला ते पुरेसं होतं. पण लस काम करते आहे का, हे त्यातून कळणार नव्हतं. म्हणून बुर्किना फासोमध्ये एकेका रुग्णाची स्वतंत्र नोंद सुरू झाली. वय किती, गाव कोणतं, लस घेतली होती का, पाठीतलं पाणी काढलं का, आणि त्यात काय निघालं.

हे लिहायला एका ओळीत होतं, करायला महाकठीण. धुळीच्या रस्त्यानं बाप पोराला आरोग्य केंद्रात आणतो. पोर तापानं फणफणलेलं, मान ताठ. नर्स किंवा डॉक्टर कंबरेच्या मणक्यांमध्ये सुई घालून थेंब थेंब पाणी घेतात. निरोगी पाणी नितळ असतं, या रुग्णाचं गढूळ, तांदळाच्या धुवणासारखं. तिथे सूक्ष्मदर्शक असेल तर रंग देऊन बघायचं. मेनिंगोकॉकस असेल तर राजम्याच्या दाण्यांसारखे जोडीजोडीनं बसलेले जंतू दिसतात. पण त्यातला 'ए' कोणता आणि 'डब्ल्यू' कोणता ते कळायला मोठी प्रयोगशाळा हवी. तिथवर नमुना पोचायला हवा. हा जंतू तर इतका नाजूक की गारठ्यानंही मरतो, म्हणून नमुना खास पोषक द्रव असलेल्या बाटलीत घालून पाठवायचा. जंतू वाटेत मेला तरी पीसीआर तपासणीत त्याच्या खुणा सापडू शकतात, त्यासाठी वेगळा नमुना. आणि या सगळ्यात चिठ्ठीवरचं नाव आणि बाटलीवरचा नंबर जुळायला हवा! एवढं करून एका रुग्णाची एक ओळ तयार होणार. 'ए' नाही, दुसरं काही.

अशा हजारो ओळींतून उत्तर निघालं. बुर्किना फासोकडे १९९७ पासूनचे जुने आकडे होते. ते आठवड्याचे ढोबळ आकडे लिहून ठेवणाऱ्या कारकुनांना तेव्हा वाटलंही नसेल की कधी यावर निवाडा होणार आहे. त्यांच्याशी ताडून बघितल्यावर २०११ मध्ये मेंदूज्वराचा धोका ७१ टक्क्यांनी कमी झालेला दिसला, त्यानं मृत्यू येण्याचा धोका ६४ टक्क्यांनी. 'ए' गट तर जवळजवळ नाहीसाच झाला.

त्याहून मला आवडलेली मोजणी आहे ती निरोगी माणसांच्या घशांची. लसीकरणाआधी वीस हजारांवर लोकांच्या घशातून कापसाच्या काडीनं नमुने घेतले होते, तेव्हा हजारात चार जणांच्या आसपास 'ए' गट सापडला होता. लसीनंतर वर्षभरात पुन्हा बावीस हजारांवर नमुने घेतले. 'ए' गट एकाही घशात नाही. म्हणजे जंतूची राहायची जागाच गेली होती. ज्यांनी लस घेतली नव्हती त्यांनाही त्याचा फायदा झाला.

तरी शंकेखोर म्हणेल, असेल शांत वर्ष. त्याचं उत्तर मिळालं चाडमध्ये. तिथे २०११ च्या अखेरीला राजधानी एन्जामेना आणि भोवतालच्या भागात लस दिली गेली, बाकी देशाची पाळी नंतर होती. आणि २०१२ मध्ये साथ आली. लस न पोचलेल्या भागात लाखामागे साधारण ४४ रुग्ण, लस पोचलेल्या भागात अडीच. एकच देश, एकच मोसम, तोच वारा. मला हा आकडा वाचून आनंद झाला आणि लगेच अपराधीही वाटलं. कारण त्या ४४ मध्ये ज्यांची पाळी आली नव्हती अशी मुलं होती. आपल्याकडे पुरावा आला तो त्यांच्या आजारातून.

आता यातली कडू बाजू. शून्य प्रामाणिकपणे मोजायला बसलं की शून्याच्या शेजारी काय वाढतंय तेही दिसायला लागतं. २०१२ मध्ये बुर्किना फासोमध्येच 'डब्ल्यू' गटाचे रुग्ण वाढलेले दिसले. २०१३ पासून नायजेरियाच्या वायव्य भागात 'सी' गट डोकं वर काढू लागला. २०१५ मध्ये नायजरमध्ये 'सी' ची मोठी साथ आली, साडेआठ हजारांच्या घरात संशयित रुग्ण आणि पाचशेहून जास्त मृत्यू. २०१६-१७ च्या मोसमात नायजेरियात चौदा हजारांहून जास्त संशयित रुग्ण आणि अकराशेच्या वर मृत्यू. 'ए' ची लस 'सी' ला अडवत नाही. तिचा तो दोषही नाही. पण गावातल्या आईला 'ए' काय आणि 'सी' काय? 'लस घेतली तरी मेंदूज्वर झाला' एवढंच ती सांगणार, आणि पुढच्या वेळी हात पुढे करणार नाही. तिला उत्तर द्यायचं तर पाण्याचा अहवालच हातात लागतो.

त्या अहवालांमधूनच पुढची लस ठरली. 'ए', 'सी', 'डब्ल्यू', 'वाय' आणि 'एक्स' अशा पाचही गटांवरची 'मेनफाइव्ह', पुन्हा सीरम आणि पाथ यांचीच. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली आणि मार्च २०२४ मध्ये नायजेरियानं ती पहिल्यांदा द्यायला सुरुवात केली. दरम्यान जुनी लसही वाया गेली नाही. मोहिमांमधून ३५ कोटींहून जास्त लोकांना ती मिळाली, २०१६ पासून ती काही देशांत तान्ह्या मुलांच्या नेहमीच्या लसीकरणातही आली, कारण मोहिमेनंतर जन्मलेली मुलं तर उघडीच होती. त्या पट्ट्यात 'ए' गटाचा प्रयोगशाळेत सिद्ध झालेला शेवटचा रुग्ण २०१७ मधला.

तेव्हापासूनचं शून्य अजून मोजत राहायला लागतं. आणि ते दर वर्षी जास्त अवघड होत जाणार. साथ असते तेव्हा सगळे धावतात. रुग्ण तुरळक झाले की मणक्यात सुई घालायचा हात बसत नाही, बाटल्यांची मुदत संपते, औषध तर तसंही लागू पडतंय मग पाणी कशाला, असं वाटायला लागतं. यशाचा हा एक विचित्र शाप आहे.

आपल्याकडेही हे काही परकं नाही. दिल्लीत १९८५ आणि २००५ साली याच 'ए' गटाच्या साथी येऊन गेल्या. लहान मुलांच्या मेंदूज्वरातला मोठा वाटेकरी असलेल्या हिबवरची लस पेंटाव्हॅलंटमधून डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूत सुरू झाली, मग टप्प्याटप्प्यानं सगळ्या राज्यांत. न्यूमोकॉकसची २०१७ पासून काही राज्यांत आणि २०२१ मध्ये देशभर. पेंटाव्हॅलंट सुरू झाल्यावर निवडक रुग्णालयांमध्ये मुलांच्या पाठीतलं पाणी तपासून मोजणीही सुरू झाली. पण १९७९ च्या आमच्या तालुक्याचा त्यात आकडा नाही, कधीच असणार नाही. तिथे रोगाच्या रकान्यात 'मेंदूज्वर' एवढंच आहे.

पूर्वी मला आप्पांचा राग यायचा. पाणी काढू दिलं असतं तर धाकट्याचे कान वाचले असते, असं मी मनात धरून बसले होते. आता वाचून कळतं की ते खात्रीनं सांगता येत नाही. वेळेवर औषध मिळूनही कान जातात. पण त्या पाण्यातून जंतूचं नाव कळलं असतं, आणि अशी शंभर गावांतली शंभर नावं कुणी एकत्र मांडली असती, तर कोणती लस आधी हवी हे कदाचित लवकर ठरलं असतं. आप्पांचा नकार एकट्या आमच्या घराचा होता असं मला वाटायचं. तो तसा नव्हता.

परवा हे सगळं मी धाकट्याला सांगितलं. समोरासमोर बसून, हळूहळू, मधे मधे कागदावर लिहून. चाडचा आकडा त्यानं दोनदा विचारला. मग ते पिवळं कार्ड उलटसुलट करून बघितलं आणि पेन घेऊन खाली लिहिलं, 'ताई, मग माझा कोणता होता?'

मी लिहिलं, 'माहीत नाही. कुणी मोजलं नाही.'

त्यानं मान हलवली आणि कार्ड घडी घालून स्वतःच्या खिशात ठेवलं.